आठ तरुण, एक लॉरी आणि बंदुका

आमच्या उर्दू हायस्कूलच्या कंपाउंडला लागून मराठी माध्यमाची शाळा आहे. तेथे मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी मागे मला विचारले, "मंटोची 'खोल दो' मुळातून समजावून द्याल का? दोन अनुवाद वाचले, पण ते तरुण नेमके कोण, हेच कळत नाही." मी म्हटले, समजावून कशाला, मीच मराठी करून देते. कथा जेमतेम चार-पाच पानांची. एका रविवारचे काम. पण तो रविवार गेला, पुढचाही गेला. मी एका शब्दाशी अडले होते. तो शब्द म्हणजे 'रझाकार'.

उर्दूत रझाकार म्हणजे आपल्या रझेने, आपल्या खुशीने सेवेला उभा राहिलेला माणूस. पगार नाही, सक्ती नाही. पूर आला, साथ आली, जत्रेत गर्दी झाली तर जो पाणी वाटतो, जखमी उचलतो, तो रझाकार. मंटोने हा शब्द याच साध्या अर्थाने घेतला आहे. पण मराठवाड्यातल्या कोणाही मराठी वाचकापुढे हा शब्द ठेवून पाहा. त्याच्या डोळ्यांपुढे निजामाचे राज्य, लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याची हत्यारबंद संघटना उभी राहील. आजोबांनी सांगितलेल्या जळालेल्या गावांच्या आठवणी उभ्या राहतील. मग त्याऐवजी 'स्वयंसेवक' लिहावे, तर मराठीत त्या शब्दाबरोबर दुसरेच चित्र येते. 'कार्यकर्ते' म्हणावे तर बंदूक कोठे गेली? 'तरुण' म्हणून मोकळे व्हावे, तर मंटोने हेतूने वापरलेला शब्द मी गिळला असे होते.

हैदराबादच्या रझाकारांचा दावाही रक्षणाचाच होता, हे आपण सोयीने विसरतो. आपल्या लोकांना वाचवण्यासाठी आम्ही हत्यार धरले आहे, असेच ते म्हणत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला सगळे संपले. त्यानंतर सूड घेण्यासाठी जे बाहेर पडले, त्यांनीही आमच्या माणसांचा हिशेब चुकता करतो असेच म्हटले असणार. पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे, आणि त्यात रझाकार किती होते व बंदूक कशी धरतात हेही ठाऊक नसलेले शेतकरी, विणकर किती होते, याची मोजदाद कोणी केली नाही. 'खोल दो' त्याच १९४८ सालातली. मंटो लाहोरला बसून लिहीत होता, तेव्हा तिकडे दक्षिणेत त्याच शब्दाचा अर्थ रक्ताने बदलला जात होता. त्याला याची कल्पना होती की नव्हती, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. शब्दाचा जो प्रवास मराठवाड्यात झाला, तोच प्रवास या कथेच्या चार पानांत होतो.

कथा बहुतेकांना माहीत असते, पण शेवटाच्या धक्क्यासाठी. म्हणून थोडी आठवण करून देते. अमृतसरहून दुपारी दोनला सुटलेली गाडी आठ तासांनी मुगलपुऱ्याला पोहोचते. वाटेत कित्येक मारले गेलेले असतात. छावणीत सिराजुद्दीन शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या खिशात मुलीचा दुपट्टा आहे, मुलगी नाही. बायको डोळ्यांदेखत गेलेली. काही दिवसांनी त्याला आठ तरुण भेटतात. त्यांच्याकडे लॉरी आहे, बंदुका आहेत. तो त्यांना दुवा देतो आणि सकीनाचा हुलिया सांगतो. वय सतरा, डोळे मोठे, उजव्या गालावर तीळ. तरुण तिला शोधून आणण्याचा शब्द देतात.

यापुढचे जे वाक्य आहे, त्यावरून वाचक घाईने पुढे जातो आणि समीक्षकही जातात. हे तरुण जीव धोक्यात घालून अमृतसरला जातात आणि कितीतरी बायका, पुरुष, मुले तेथून काढून सुरक्षित जागी पोहोचवतात. हे मंटोने उपरोधाने लिहिलेले नाही. या ओळीवर मी कितीदा तरी थांबले आणि त्यात कोठे तिरकस सूर सापडतो का ते पाहिले. नाही सापडत. ते खरोखर गेले आणि खरोखर माणसे वाचवली. छेहरट्याजवळच्या शेतात सकीना त्यांना सापडते तेव्हा तिला धीर देतात, खाऊ घालतात, दूध पाजतात. अंगावर दुपट्टा नाही म्हणून ती हातांनी छाती झाकते आहे, हे पाहून एकजण आपला कोट काढून तिला देतो.

आपल्याकडे ही कथा सांगताना नेहमी म्हटले जाते की रक्षकाच्या वेषात भक्षक आले होते. व्याख्यानात हे वाक्य टाळी घेते, पण त्याने कथा सोपी होते आणि सोपी झाली की खोटी होते. वेष घालून आलेले लांडगे असते तर त्यांना ओळखण्याचे काम पोलिसांचे किंवा एखाद्या चाणाक्ष म्हातारीचे होते, आपले नव्हते. मंटोचे म्हणणे याहून भयंकर आहे. तेच आठजण, त्याच बंदुका, तीच लॉरी. जे काल खरे रक्षण होते, ते आज बलात्कार आहे. मधे कोठेही बदलाची रेघ मंटोने ओढलेली नाही. कोट देणारा तो एकजण नंतर त्या आठांत होता की नव्हता, हेही त्याने सांगितलेले नाही.

या कथेबद्दल मंटोवर अश्लीलतेचा शिक्का बसला असे बरेच जण समजतात. अश्लीलतेचा खटला गाजला तो 'ठंडा गोश्त'चा. 'खोल दो' छापली म्हणून 'नुकूश' हे मासिक सरकारने सहा महिने बंद केले, ते सार्वजनिक शांततेला धोका म्हणून. मला वाटते, त्या सरकारी अधिकाऱ्याने कथा बऱ्याच टीकाकारांपेक्षा बरोबर वाचली होती. आपल्यासाठी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या आपल्याच पोरांकडे ही कथा बोट दाखवते, हे त्याला कळले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. साध्या माणसाने, ज्याला सरकारी वर्दी नाही, दुसऱ्याला वाचवण्यासाठी हत्यार चालवावे का, आणि कोणाचा जीव घ्यावा का? मंटोने बंदूक धरणेच पाप ठरवले आहे, असे या कथेवरून म्हणता येईल का?

माझा धाकटा भाऊ तालुका कोर्टात वकिली करतो. त्याच्याकडून मी दंडसंहितेची प्रत आणून खासगी बचावाची कलमे वाचली. ९६ ते १०६. ही संहिता १८६० सालची आणि फाळणीनंतर दोन्ही देशांनी तीच चालू ठेवली. म्हणजे ते आठजण मुगलपुऱ्याहून अमृतसरला गेले तेव्हा त्यांनी सरहद्द ओलांडली, पण कायदा ओलांडला नाही. तिकडेही हीच कलमे, इकडेही हीच. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तीत ही कलमे ३४ ते ४४ या क्रमांकांवर गेली, आशय जवळजवळ तसाच राहिला.

वाचून मला नवल वाटले. मी समजत होते की कायदा सामान्य माणसाला गप्प बसायला सांगत असेल. तसे नाही. स्वतःच्याच नव्हे, इतर कोणाच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क कायदा देतो. तो इतर कोणी नातलग असला पाहिजे, ओळखीचा असला पाहिजे, धर्माचा असला पाहिजे, अशी अट नाही. आणि हल्ला असा असेल की मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी, किंवा हल्ला बलात्काराच्या वा पळवून नेण्याच्या इराद्याने असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. २०१३ मध्ये त्यात अॅसिड हल्ल्याचीही भर पडली. ही कलमे लिहिणाऱ्या मेकॉलेसाहेबांचे मत होते की हिंदुस्थानी माणूस जुलूम फार मुकाट्याने सोसतो, त्याला थोडे धीट केले पाहिजे. म्हणून त्यांनी हा हक्क ऐसपैस ठेवला. साहेबाची नजर वरून खाली पाहणारी होती, पण हक्क कामाचा निघाला.

त्याला मर्यादा आहेत. पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. बचावापुरती लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि ज्यावर मी पेन्सिलीने खूण केली ती तिसरी गोष्ट अशी, की वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो आणि ती भीती संपली की हक्कही संपतो. पंजाबातल्याच एका खटल्यात, वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा घाव पडल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली आणि माणूस मेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्या मुलाला निर्दोष सोडले. अशा घडीला माणसाकडून सोनाराच्या काट्याने तोलून मापून वागण्याची अपेक्षा करू नये, असा त्या निकालाचा भाव आहे. मला तो पटतो. संहितेतच एक उदाहरण दिले आहे, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. एका माणसाला मारायला जमाव आला आहे. गोळी झाडल्याशिवाय तो वाचत नाही आणि जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. त्याने गोळी झाडली आणि मूल दगावले तरी तो गुन्हेगार नाही. कायदा इतक्या टोकापर्यंत माणसाच्या पाठीशी उभा राहतो.

तर मग अमृतसरच्या वाटेवर एखादी टोळी पोरीला ओढून नेत असताना या आठांनी गोळी झाडली असती, तर ती योग्यच ठरली असती. कायद्याने आणि माझ्याही मताने. अशा घडीला हातात बंदूक असून जो झाडत नाही, त्याला मी भला माणूस म्हणणार नाही. मंटो तसे म्हणेल असे मला वाटत नाही, आणि त्याला अहिंसेचा प्रवक्ता करणारे लेख वाचले की मला आश्चर्य वाटते.

पण कायद्याचा सगळा प्रश्न त्या एका घडीचा आहे. भीती होती का, दुसरा मार्ग होता का, जास्त झाले का. मंटो ती घडी दाखवतच नाही. अख्ख्या कथेत हे तरुण एकही गोळी झाडताना दिसत नाहीत. तो त्या घडीच्या आधीची लॉरी दाखवतो आणि नंतरचे दिवस दाखवतो. शेतात सकीनाने दूध प्यायले, कोट अंगावर घेतला, तिथे भीती संपली. पुस्तकाप्रमाणे बंदुकीचा हक्कही तिथेच संपला. पण त्या दिवसांत बंदूक परत कोणाकडे द्यायची? दोन्ही बाजूंचे रक्षण करायला म्हणून उभी केलेली पंजाब सरहद्द फौज १ ऑगस्ट १९४७ ला कामाला लागली आणि महिनाभरात मोडीत निघाली. कायदा धरून चालतो की घडी टळली की माणूस परत पोलिसाच्या राज्यात येतो, त्याला कोणीतरी विचारते, हे काय केलेस? या आठांना विचारणारे कोणी नव्हते. लॉरी कोणी दिली, पेट्रोल कोण भरत होते, बंदुका कोठून आल्या, मंटो एका शब्दानेही सांगत नाही. त्यांना विचारणारा एकच माणूस आहे, म्हातारा सिराजुद्दीन. तोही विचारतो तो हात जोडून. सकीना मिळाल्यानंतरही ते छावणीत येतात, हा लॉरीपाशी धावतो, ते सगळे एका सुरात म्हणतात की सापडेल. हा पुन्हा दुवा देतो आणि त्याचे मन हलके होते.

हे लिहिताना मला २०१८ च्या जूनमधली एक रात्र आठवते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवरून खानदेशभर पसरली होती. आमच्या मोहल्ल्यातही. वर्गात निम्मी मुले येईनाशी झाली. रात्री मोहल्ल्यातली पोरे पहारा देऊ लागली. कोणाच्या हातात लाठी, कोणाच्या हॉकी स्टिक, एकाजवळ गुप्ती होती. त्यातले पाच-सहा माझे विद्यार्थी. इशाच्या नमाजनंतर मी नातेवाइकांकडून परतत होते तेव्हा त्यांनी मला घरापर्यंत सोडले. "टीचर, आप बेफिक्र सो जाओ, हम हैं ना." मला भरून आले. मी आईला उठवून पातेलेभर चहा केला आणि त्यांना नेऊन दिला. माझ्या तोंडून "अल्लाह तुम्हें सलामत रखे" असे निघाले.

त्याच रात्री त्यांनी एका चादरी विकणाऱ्या परगावच्या माणसाला धरले. त्याची भाषा वेगळी होती, एवढेच. दोन तास कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसवून ठेवले. शेवटी एक हाजीसाहेब बाहेर आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "पोलीस को फोन किया क्या?" कोणी केला नव्हता. पोलीस चौकी चालत दहा मिनिटांवर. मग फोन झाला, शिपाई आले, माणूस गेला. त्याच्या कानातून रक्त येत होते. सकाळी मोहल्ल्यात सगळे म्हणत होते, काही झाले नाही, अल्लाहचा शुक्र. मीही म्हटले.

थोड्याच दिवसांत, १ जुलैला, आमच्यापासून फार दूर नसलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला होता म्हणून. ज्यांनी मारले ते मुलांना वाचवत होते. निदान त्यांना तसे वाटत होते. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे टाळेबंदीच्या रात्री, चोरांच्या अफवेने पहारा देणाऱ्या गावकऱ्यांनी दोन साधू आणि त्यांचा चालक यांना मारले. तिथे तर पोलीस समोर होते. कायदा वाजवी भीती म्हणतो. राईनपाड्यात भीती खरी होती, फक्त वाजवी नव्हती, आणि भीती वाजवी आहे की नाही हे जमावाला कोण सांगणार? चादरीवाल्याच्या बाबतीत ते एका म्हाताऱ्याने विचारले आणि तेही फोनच्या निमित्ताने.

त्यानंतर मी 'खोल दो' पुन्हा वाचली. तोवर मी स्वतःला नेहमी सकीनाच्या जागी ठेवून वाचत होते. बाई आहे म्हणून तेच स्वाभाविक. या वेळी मला पातेले हातात घेतलेली मीच दिसले, आणि मी सिराजुद्दीनच्या जागी होते. दुवा देणारी.

असो. रक्षणाचा प्रश्न मंटोने दुसऱ्या एका कथेत वेगळ्या हातांनी हाताळला आहे आणि ती आपल्या मुंबईत घडते. 'मोझेल'. त्रिलोचन हा शीख तरुण, त्याची मंगेतर कृपाल कौर मुसलमानी मोहल्ल्यात अडकलेली, आंधळी आई, अपंग बाप, बाहेर कर्फ्यू. मोझेल ही यहुदी पोरगी, बिनधास्त, धर्माची टिंगल करणारी. हिच्यासाठी त्रिलोचनने केस-दाढी काढली होती आणि ऐन लग्नाच्या दिवशी ही दुसऱ्याबरोबर देवळालीला निघून गेली होती. अशी बाई त्या रात्री खडावा वाजवीत त्याच्याबरोबर निघते. जमाव दारावर येतो तेव्हा ती अंगातला पायघोळ झगा काढून कृपाल कौरला चढवते, म्हणजे ती यहुदी वाटेल. स्वतः उघडी जिन्यावर धावते, सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे ओढून घेते. खडावा घसरते, ती पडते, मरते. त्रिलोचन पगडीने तिचे अंग झाकू पाहतो, ती पगडी बाजूला करते.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तर आधी दिसतात ती कापडे. सिराजुद्दीनच्या खिशातला दुपट्टा, रझाकाराचा कोट, मोझेलचा झगा, त्रिलोचनची पगडी. उघड्या बाईला झाकायला प्रत्येकाच्या हाती काहीतरी आहे. कोट देणाऱ्याचे देण्याने काही कमी होत नाही, त्याच्याजवळ बंदूक आहे आणि सात सोबती आहेत. कोट देऊन तो आणखी मोठा होतो, वाचकाच्याही नजरेत. कथेत वाचक ज्या क्षणी या तरुणांवर पूर्ण विश्वास टाकतो तो हाच, आणि मंटोने तो जाणून-बुजून ठेवला आहे. झगा देणारीचे मात्र सगळेच जाते. जी अब्रू कृपाल कौरची वाचवायची, तीच ती स्वतःची टाकून देते. ज्याला वाचवायचे त्याच्या जागी उभे राहणे, हे मोझेलचे रक्षण. रझाकार सकीनाच्या जागी एक क्षणही उभे राहत नाहीत. ते तिला एकच प्रश्न विचारतात, तुझे नाव सकीना का? हुलिया जुळला, काम झाले. पुढे तिला कोणी काही विचारत नाही. हरवलेली वस्तू सापडली आणि सापडलेली वस्तू ज्याच्या हातात त्याची, असा तो व्यवहार होतो.

यावर एक आक्षेप मीच घेते. मोझेल मेली. त्रिलोचनजवळ बंदूक असती आणि त्याने जिन्यात दोघांना लोळवले असते, तर ती वाचली असती. तिच्या मरणाला आदर्श म्हणणे आपल्याला परवडते, कारण मरायचे तिला होते. दुसऱ्याला वाचवताना बाईने मरावे आणि पुरुषाने पगडी घेऊन उभे राहावे, यात मला काही थोर दिसत नाही. ही कथा मला फार आवडते, पण तिच्यावरून शस्त्र न धरण्याचा धडा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. आमच्या वर्गात एका मुलीने, मी ही कथा जपून, काटछाट करून सांगितली तेव्हा, सरळ विचारले होते, "टीचर, वह सरदार क्या कर रहा था?"

आणि बंदूक हवी होती असे वाटायला लावणारी मंटोची तिसरी कथाही आहेच. 'गुरमुख सिंह की वसीयत'. अमृतसरचे निवृत्त जजसाहेब अर्धांगाने आडवे, घरात सतरा वर्षांची सुगरा आणि तिच्याहून लहान भाऊ. आजूबाजूची घरे रिकामी झालेली. म्हातारा नोकर बाहेर गेला तो परतलाच नाही. ईदच्या आदल्या संध्याकाळी दार वाजते. सरदार गुरमुख सिंह यांचा मुलगा शेवया घेऊन आला आहे. जजसाहेबांनी एका खोट्या खटल्यातून आपल्याला सोडवले, याची कृतज्ञता म्हणून गुरमुख सिंह दर ईदला शेवया आणत आणि मरताना मुलाकडून वचन घेऊन गेले. मुलगा वचन पाळतो. सुगराच्या हाती शेवया देतो, आदराने बोलतो, निघतो. कोपऱ्यावर तोंडे बांधलेले चारजण मशाली आणि रॉकेल घेऊन थांबलेले. ते विचारतात, झाले का तुझे काम? तो म्हणतो झाले. मग आता आम्ही आमचे करू का? तुमची मर्जी, असे म्हणून तो चालू लागतो.

या कथेतला हा तरुण वाईट नाही. बापाचा शब्द त्याने धोका पत्करून पाळला. त्याने मारले नाही, लुटले नाही. फक्त दारात उभा राहिला नाही. दंडसंहिता पाहिली तर त्याचा काही गुन्हाही नाही. वाचवण्याचा हक्क कायदा देतो, पण वाचवलेच पाहिजे असे म्हणत नाही. मंटो मात्र त्याला कथेच्या शेवटच्या ओळीत पाठमोरा ठेवतो, आणि मी त्या पाठीकडे पाहत असताना मनात म्हणते, वळ, तुझ्याजवळ काही असेल ते उपस. त्या चौघांना तिथे आडवे केले असते तर मी त्याला दुवा दिली असती.

म्हणजे एका कथेत मी बंदूक मागते आणि दुसऱ्या कथेत बंदुकीला भिते. मला हे विसंगत वाटत नाही. जजसाहेबांच्या दारात ती गोळी कोणासाठी आणि कोणावर हे उघड होते. तिचे कारण त्या दारापाशीच होते आणि तिथेच संपणार होते. दारात उभा राहणारा सुगराच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असता. सकीनाच्या रक्षकांची बंदूक मात्र कोणत्याच दारापाशी थांबत नाही. ती लॉरीत बसून फिरते, पहिले कारण संपल्यावरही तिचे फिरणे संपत नाही, आणि जिच्या नावाने ती उचलली तिच्यासमोर तिला कधीच उभे राहावे लागत नाही. 'सियाह हाशिये'तल्या एका चिमुकल्या तुकड्यात तर सुरी पोटातून खाली उतरल्यावर, नाडी कापली गेल्यावर, माणूस आपलाच निघतो. मारणारा ज्या सुरात ती चूक नोंदवतो, तो सूर आमच्या चादरीवाल्याला सोडताना मी ऐकलेला आहे.

अनुवाद अखेर झाला. रझाकार हा शब्द मी बदलला नाही. खाली टीप द्यावी असे एकदा वाटले, लिहिलीही, मग खोडली. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी कागद वाचून परत केले, तेव्हा त्या शब्दाभोवती त्यांनी गोल काढला होता आणि समासात लिहिले होते, "हे तर लोकांना वाचवायला गेले होते ना?" मी उत्तरादाखल तिथेच "हो" असे लिहिले आणि कागद पुन्हा त्यांच्याकडे पाठवून दिले.